तिसऱ्या खिळ्यावरचा पूल

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कचरापेटी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या काही वर्षांत ज्याने त्याने माझ्यात काहीतरी टाकून पाहिलं आहे. कुणी केळ्याचं साल टाकलं, कुणी मोडकी छत्री उभी केली. परवा तर एक गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "ही न्हाणीघरात ठेवा, धुण्याचे कपडे टाकायला बरी." मी ऐकून घेतलं. पेटीला ऐकून घ्यावंच लागतं. पण मनात म्हटलं, अहो महाराज, ज्या चित्रपटाचं तोंडभरून कौतुक करत तुम्ही या खोलीत शिरलात, तो चांगला झाला त्यात माझाही वाटा आहे. आणि तो काही छोटा नाही.

हसलात ना? हसा. पण गोष्ट संपेपर्यंत थांबा, मग पुन्हा हसून दाखवा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. काचा भरून आलेलं एक खोकं मोडून त्याने मला बनवलं. उंची माणसाच्या कमरेएवढी. आतून जुन्या, मऊ चादरीची पिशवी शिवलेली. वर दोन उभे दांडे, त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी, आणि त्या पट्टीवर ओळीने चोवीस बारीक खिळे. खिळे मोजून घ्यायला आलेल्या बाईंना सुतार म्हणाला, "एवढे खिळे कशाला हो? कपडे वाळत घालणार की काय?"

"वाळतच घालणार," बाई म्हणाल्या. "पण सुकले तरी काढणार नाही."

त्या बाई म्हणजे अक्का. अक्का चित्रपटांचं संकलन करायच्या. संकलन म्हणजे काय, ते मी नीट सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्या काळी चित्रपट फिल्मच्या लांबच लांब पट्टीवर घेतला जाई. पट्टीवर चिमुकली चित्रं, आणि कडेला ओळीने भोकं. सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून सरकली की आपल्याला वाटतं, माणूस चालतो आहे. दोन तासांच्या चित्रपटासाठी लोक वीस-वीस तासांचं चित्रण करून आणत. ती सगळी रिळं अक्कांच्या टेबलावर येऊन पडत. मग अक्का हातात पांढरे सुती मोजे घालत, अंबाड्यात खोचलेली मेणाची पेन्सिल काढत आणि कामाला लागत. कुठे कापायचं, कुठे जोडायचं, काय ठेवायचं, काय काढायचं, हे सगळं त्या ठरवत. काढलेला प्रत्येक तुकडा त्या भोकाने माझ्या खिळ्यावर अडकवत. त्याचं लांब शेपूट माझ्या चादरीत अलगद उतरे, म्हणजे ओरखडा पडत नसे.

अक्कांचा एक नियम होता. कापायचं, पण फेकायचं नाही. चित्रपट लोकांसमोर जाईपर्यंत या खोलीतून एक चित्रही बाहेर जाता कामा नये. "कापणारा हात म्हणजे काही देवाचा हात नाही," त्या म्हणायच्या. "आज नको वाटलेलं उद्या हवं होतं. डोळा चुकतो. माझाही चुकतो."

तर अशी मी. चांगलं सगळं टेबलावर, आणि नको असलेलं माझ्याकडे. लोक येत, टेबलाकडे बघून वाहवा करत आणि मला वळसा घालून जात. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग मला एक गंमत कळली. नको असलेलं सगळं माझ्यात साठतं, म्हणून तर टेबलावर हवं ते उरतं! चित्रपटात काय आहे ते सगळ्या जगाला दिसतं. त्यात काय नाही, हे फक्त मला ठाऊक असतं.

आणखी एक कबुली देते. मी आयुष्यात एकही चित्रपट पाहिलेला नाही. आमच्या शेजारच्या खोलीत छोटा पडदा होता आणि त्याच्यापुढे बारा वेताच्या खुर्च्या. मध्ये भिंत. दार उघडं राहिलं तर मला फक्त ऐकू येई. पण मित्रांनो, वेताची खुर्ची फार प्रामाणिक असते. माणूस तोंडाने "छान, छान" म्हणतो आणि त्याच वेळी कंटाळून बूड हलवतो, खुर्ची करकरते. खोटं रडू आलं की करकर. भाषण लांबलं की करकर आणि वर खोकला. आणि कधी कधी, फार क्वचित, बाराच्या बारा खुर्च्या एकदम गप्प होतात. तेव्हा मी समजते, आत काहीतरी खरं चाललं आहे. मोठमोठे लोक या खोलीत बसून चांगला चित्रपट कशाला म्हणावं यावर तास तास वाद घालत. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं: खुर्च्यांना विचारा.

आता खरी गोष्ट.

अक्कांना एक धाकटा भाऊ. टक्कल पडलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला होता, तरी अक्कांसाठी तो बाळ्याच. लहानपणी तो भिंतीवर बॅटरीचा उजेड पाडून कागदी माणसांचे खेळ करायचा. अक्का एकट्या प्रेक्षक. त्यांना मध्येच झोप लागली की हा भोकाड पसरायचा. मोठा होऊन तो दिग्दर्शक झाला. दोन चित्रपट केले, दोन्ही सपाटून आपटले. हा तिसरा होता. हाही पडला तर चौथा त्याला कुणी देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, अक्कांना ठाऊक होतं, आणि त्याच्या नखं कुरतडण्यावरून मलाही.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा बाप आणि त्याची एकुलती एक मुलगी. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागते आणि ती घर सोडून जाते. बस, एवढंच. पण बाळ्याने या निरोपाच्या प्रसंगाला जीव तोडून सजवलं होतं. आधी बापाचं दारातलं भाषण, चांगलं चार मिनिटांचं, रडत रडत केलेलं. ते बाळ्याने स्वतः लिहिलं होतं. आणि मग पूल.

पुलाबद्दल मी इतकं ऐकलं होतं की तो मला न बघताच पाठ झाला होता. पहाटेचं धुकं. लांबलचक लोखंडी पूल. त्यावरून काळ्या छत्र्या घेतलेली चाळीस माणसं समोरून येत आहेत आणि त्यांच्या उलट दिशेने ती एकटी मुलगी, लाल छत्री घेऊन, चालली आहे. कॅमेरा आभाळातून पाखरासारखा खाली उतरतो. या एका शॉटसाठी सगळी मंडळी नऊ दिवस पहाटे पुलावर जाऊन उभी राहिली होती. कधी धुकं नाही, कधी फार धुकं, कधी छत्रीवाल्यांपैकी एक जण शिंकला. नवव्या दिवशी सगळं जुळून आलं.

तो शॉट घेणारे कॅमेरामन काका वयाने मोठे आणि कानाने अधू. दिग्दर्शक "कट!" म्हणून ओरडला, की सगळे थांबत आणि काका चार-सहा सेकंद उशिरा थांबत, तेही कुणीतरी खांद्यावर हात ठेवला की. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शॉटला मागे एक निरुपयोगी तुकडा लागून येई. अक्का त्यांना 'काकांची शेपटं' म्हणत. ती कापून माझ्या शेवटच्या खिळ्यावर जात. बाकी प्रत्येक तुकड्यावर अक्का मेणाच्या पेन्सिलीने आकडा घालत. शेपटांवर नाही. शेपटाला कोण आकडा घालतं?

चित्रपट जोडून झाला आणि एका बुधवारी दुपारी शेजारच्या खोलीत तो पहिल्यांदा दाखवला. अशा वेळी अक्का सिनेमावाल्यांना बोलावत नसत. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, त्यांची आई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, त्याची बायको, अशी साधी माणसं. सोबत बाळ्या आणि निर्माते शेठ.

दार उघडंच होतं. मी कान लावला. सुरुवातीला खुर्च्या शांत होत्या. मग बापाचं भाषण सुरू झालं. एक खुर्ची करकरली. मग दुसरी. डॉक्टरांची आई हळूच म्हणाली, "किती वाजले रे?" मग पूल आला. "आहाहा!" कुणीतरी म्हणालं, आणि चक्क टाळ्या पडल्या.

चित्रपट संपल्यावर सगळे बोलत बाहेर आले. इस्त्रीवाल्याने विचारलं, "साहेब, हा पूल आहे कुठे हो?" डॉक्टर म्हणाले, "एवढ्या छत्र्या कुठून आणल्या?" इस्त्रीवाल्याच्या बायकोला लाल छत्री हवी होती, तशीच्या तशी. बाळ्या हवेत तरंगत होता.

लोक गेले. अक्का माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, टाळ्या ऐकल्यास ना?" बाळ्या म्हणाला.

"ऐकल्या. तिथेच तुझा सिनेमा मेला रे, बाळ्या."

"काय?"

"बाहेर पडताना त्या म्हाताऱ्याबद्दल एकाने तरी विचारलं का? त्याचं पुढे काय झालं, तो जेवला का, झोपला का? सगळे छत्र्या मोजत होते."

"म्हणजे चांगलं केलं हा माझा गुन्हा झाला?"

"चांगलं नाही, सुंदर केलंस. फार सुंदर. इतकं की लोकांना तू दिसलास आणि तो दिसेनासा झाला."

शेठ मध्ये पडले. "अक्का, तुम्ही मला शिकवू नका. मी या धंद्यात केस पांढरे केलेत. चांगल्या चित्रपटाला तीन गोष्टी लागतात. पोटभर रडू, थोडं हसू आणि डोळे फाडून बघावं असं काहीतरी. रडायला भाषण आहे, बघायला पूल आहे. हसू थोडं कमी पडतंय, तेवढं बघा."

"मग जादूचे प्रयोग लावा शेठ. तिथे तिन्ही एकदम मिळतील."

"शुक्रवारी थिएटरचे मालक बघायला येतायत. त्यांनी घेतला तर चित्रपट लागेल, नाही घेतला तर डब्यात जाईल. आणि तुम्ही त्यातला पूल काढायच्या गोष्टी करताय!"

शेठ गेले, मागोमाग बाळ्याही गेला, दार आपटून.  मग अक्कांनी मोजे चढवले, पुलाचा शॉट चित्रपटातून काढला, त्यावर आकडा घातला आणि माझ्या तिसऱ्या खिळ्यावर टांगला.

मित्रांनो, मी अक्कांची लाडकी. पण खरं ते सांगायला हवं. हे त्यांचं चुकलं. भावाला विचारायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी बाळ्या अक्कांच्या आधी आला. त्याने खिळ्यावर लटकणारा पूल पाहिला.  आधी त्याने पूल अलगद काढून गळ्यात घातला, हार घालावा तसा. आणि मग कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि माझ्यावरचे उरलेले सगळे तुकडे ओरबाडून त्यात कोंबायला सुरुवात केली. चोवीस खिळे, महिन्यांचं काम, आकडे, शेपटं, सगळं. "उद्या मालक येणार," तो पुटपुटत होता, "आणि हा उकिरडा इथे!" पोतं खाली जिन्याशी नेऊन ठेवलं. दर गुरुवारी सकाळी तिथे भंगारवाला यायचा.

मी आयुष्यात पहिल्यांदा रिकामी झाले. उकिरडा म्हणाला मला! ज्याच्या दोन पडलेल्या चित्रपटांतली प्रत्येक चूक मी पोटात घातली, त्याने मला उकिरडा म्हणावं! माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुमचेही खिळे थरथरले असते.

अक्का आल्या आणि दारातच थबकल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "घेतलास पूल? बरं. जोड परत." आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात कॅमेरामन काका आले. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात. जिन्यातूनच त्यांचा आवाज आला, "कसा दिसतोय माझा पूल?"

"काका, वाद चाललाय," अक्का म्हणाल्या.

"स्वाद? कसला स्वाद?"

"वाद! वाद!" बाळ्या ओरडला. "अक्का म्हणते पूल नको."

काकांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता हे भडकणार. नऊ दिवस पहाटेच्या थंडीत क्रेनच्या उंच पाळण्यात बसून त्यांनी तो शॉट घेतला होता. पण ते म्हणाले, "पूल राहू दे नाहीतर जाऊ दे. तो कपाचा शॉट कुठे लावलास, पोरी?"

"कुठला कप?"

"अगं, म्हाताऱ्याने भाषण संपवलं. तुम्ही सगळे हलायला लागलात, म्हणजे याने कट म्हटलं असणार. मी आपला बघतोय. तर ती मुलीचं काम करणारी पोर चहा अर्धा टाकून कपडे बदलायला पळालेली. म्हाताऱ्याला वाटलं, कॅमेरा बंद झाला. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि तिच्या कपावर हळूच बशी झाकली. माशी बसू नये म्हणून असेल. मग तिथेच उभा राहिला, बशीवर हात ठेवून." काकांनी चष्मा नीट केला. "मला ऐकू येत नाही गं, पण दिसतं. त्या अख्ख्या दिवसात मला तेवढंच खरं दिसलं."

 अक्का गर्रकन माझ्याकडे वळल्या. शेवटचा खिळा रिकामा. सगळेच खिळे रिकामे.

"बाळ्या, शेपटं कुठायत?"

बाळ्याने जिन्याकडे बोट दाखवलं. "पोतं... खाली..."

अक्का जिना उतरून धावल्या, पन्नाशीच्या अक्का. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. "अहो बाई, सोडा! फाटेल!" हा भंगारवाला. "फाटू दे, पण सोडणार नाही! माझं आहे ते!" या अक्का. "मग बाहेर कशाला ठेवता?" "भावाला अक्कल नाही म्हणून!" मग बाळ्याचा आवाज, "दादा, द्या हो, खरंच मला अक्कल नाही."

पोतं वर आलं. तुम्ही म्हणाल, एवढी धावाधाव कशाला, दुसरी प्रत काढता आली असती. आली असती. पण मूळ फिल्म दूरच्या प्रयोगशाळेत होती. तिथून पुन्हा छापून यायला आठ दिवस लागत, आणि मालक दुसऱ्याच दिवशी येणार होते.

जमिनीवर चादर अंथरली. पोतं उपडं केलं. फिल्मचा हा एवढा ढीग, सापांच्या गुंत्यासारखा. ढिगाच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला बाळ्या. एकेक शेपूट उचलायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, डोळे बारीक करून बघायचं, बाजूला ठेवायचं. आकडे नव्हते ना! पहिला तास असाच गेला.

मग बाळ्या म्हणाला, "लहानपणी तू झोपायचीस ना, तेव्हा मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, अजून मोठं काहीतरी करायला हवं. अजून माणसं, अजून उजेड. मग ही झोपणार नाही."

"अरे वेड्या, मी दिवसभर शाळा करून, भांडी घासून दमलेली असायचे. तुझ्या कागदी माणसांचा काय दोष त्यात?" अक्का एक तुकडा उजेडात धरत म्हणाल्या. "आणि एकदा जागी राहिले होते, आठवतं? त्या कागदी म्हातारीची काठी पडली होती आणि तुला ती उचलायला जमेना. म्हातारी आपली वाकलेलीच. मी श्वास रोखून बसले होते."

"ती चूक होती. दोरा तुटला होता."

"असेल. मला अजून आठवते मात्र तीच."

दुपार टळली तेव्हा बाळ्याने एक शेपूट उजेडात धरलं आणि तसंच धरून ठेवलं. बराच वेळ. अक्कांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. मलाही.

"हे मी त्याला सांगितलं नव्हतं," अखेर तो म्हणाला.

"नव्हतंस."

"एकशे बत्तीस चित्रं आहेत. साडेपाच सेकंद." त्याने ते शेपूट चादरीवर अलगद ठेवलं. "अक्का, माझं चार मिनिटांचं भाषण..."

"चांगलं लिहिलंयस रे ते."

"हो, पण ते मी बोलतोय. हा नाही."

भाषण त्याने स्वतः कापलं. मुलगी दारातून जाते, दार लागतं. आणि लगेच म्हातारा कपावर बशी झाकतो. जणू ती आत्ता येईल आणि उरलेला चहा पिईल. बोलणं नाही, संगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक तेवढी. अक्कांनी पूल लावून एकदा दाखवलं आणि पूल काढून एकदा. मत दिलं नाही. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर बाळ्या म्हणाला, "पुलावर गेलो की म्हातारा मागे एकटा राहतो. मला त्याला सोडून जाववत नाही."

त्याने पूल उचलला. मोजे घातले. फिल्मला एवढ्या मायेने हात लावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या खिळ्यावर त्याने तो स्वतः टांगला.

"काल तुला न विचारता काढला," अक्का म्हणाल्या. "ते चुकलं माझं."

"आणि मी तुझ्या पेटीला उकिरडा म्हणालो."

"माझी माफी नको मागूस. तिची माग."

बाळ्याने खरंच माझ्या आडव्या पट्टीवर थोपटलं. मी लगेच माफ केलं नाही. दोन दिवस घेतले.

शुक्रवारी थिएटरचे मालक आले. दणकट, तिरसट गृहस्थ. बसताक्षणी त्यांची खुर्ची अशी करकरली की मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही, हा माणूस नुसता श्वास घेईल तरी खुर्ची बोलेल. शेठ त्यांच्या शेजारी, घाम पुसत. पूल काढल्याचं त्यांना आत्ताच कळलं होतं. बाळ्या आत गेलाच नाही. तो आणि अक्का माझ्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, माझ्या दांड्यांना धरून. 

सुरुवात झाली. करकर. दुकान, घड्याळं, मुलीचं पत्र. करकर, करकर. एक जांभई. मग आत दार लागल्याचा आवाज आला. मग टिकटिक. आता म्हातारा कपाकडे बघत असेल. आता बशी उचलली असेल.

खुर्ची वाजली नाही.

एकही वाजली नाही. साडेपाच सेकंद संपले, पुढचं दृश्य सुरू झालं, तरी वाजली नाही. बाळ्याने माझा दांडा इतका घट्ट धरला की सांधा कुरकुरला. हो, त्या दिवशी सगळ्या इमारतीत करकरणारी मी एकटीच होते.

शेवटी दिवे लागले. शेठ घाईघाईने म्हणाले, "मालक, यात एक पूल होता, फार भारी होता, तुम्ही म्हणाल तर लगेच परत लावतो."

"कसला पूल?" मालक खेकसले. "पूल-बिल काही नको. इथे टेलिफोन कुठाय?"

"टेलिफोन?"

"माझी थोरली परगावी असते. दोन महिने झाले, बोललो नाही. कुठाय टेलिफोन?"

तो आमच्याच खोलीत होता. मालक आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि नंबर फिरवला. "काही नाही गं," ते म्हणाले, "सहजच केला. चहा घेतलास का?" चित्रपट घेतला हे सांगायला ते विसरूनच गेले. शेठना ते शनिवारी कळलं.

पुढे त्या चित्रपटाचं नाव झालं. म्हाताऱ्या नटाचं कौतुक झालं. काकांच्या बहिऱ्या कानांचंही झालं. बाळ्याने त्यानंतर सहा चित्रपट केले. पडद्यावर सगळ्यांची नावं आली, अगदी छत्र्या पुरवणाऱ्याचंसुद्धा, आणि त्याची एकही छत्री चित्रपटात नव्हती! माझं नाव आलं नाही. येऊ नये. जे नाही त्याचं नाव कसं लिहिणार?

मग संगणक आले. आता एक बटण दाबलं की नको असलेलं नाहीसं होतं. टांगणं नाही, उजेडात धरणं नाही. हवं तर परतही आणता येतं म्हणे. येत असेल. पण परत आणायला आधी आठवावं लागतं, आणि डोळ्यांसमोर लटकत राहिल्याशिवाय आठवतं कुणाला? टेबल गेलं, रिळं गेली, मी कोपऱ्यात सरकले. साल आणि छत्र्या यांची कहाणी तुम्हाला सांगितलीच आहे.

पण मी गेलेले नाही. अक्कांचा अंबाडा आता पांढरा झाला आहे. रविवारी त्या मुलांना संकलन शिकवतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना माझ्यापुढे आणून उभं करतात. मला न्हाणीघरात पाठवू पाहणाऱ्या गृहस्थांना त्या म्हणाल्या, "ती जाणार असेल तर तिच्याबरोबर मीही जाते. आहे का तेवढी मोठी न्हाणी?"

मित्रांनो, तुम्हालाही पुढे कुणी सांगेल की मोठं म्हणजे चांगलं, टाळ्या म्हणजे चांगलं. ऐकून घ्या, पण मानू नका. चित्रपट बघाल तेव्हा घरी जाताना तुम्ही कुणाची काळजी करत चाललात, तेवढं स्वतःला विचारा. आणि तुम्ही निबंध लिहाल, चित्र काढाल, तेव्हा त्यातलं सर्वांत सुंदर वाक्य एकदा काढून बघा. दुखेल. पण ते फाडू नका, चुरगळू नका. समोर टांगून ठेवा. नाकारलेल्या गोष्टीलाही मान असतो. हे मी सांगते आहे, मीच सांगू शकते.

माझे तेवीस खिळे आज रिकामे आहेत. तिसऱ्यावर अजून पूल आहे. वर्षातून एकदा बाळ्या येतो. काठी टेकत येतो, पट्टी उजेडात धरतो. धुकं, काळ्या छत्र्या, एक लाल.

"सुंदर आहे ना गं, अक्का?"

"सुंदरच आहे."

"लावू या का परत?"

"लाव की."

तो हसतो, आणि पूल पुन्हा माझ्या खिळ्यावर अडकवतो.